परीक्षा परदेशाची, अडचण घरच्या कागदांची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून परिचर्या शिकणाऱ्या मुलींच्या घरी परदेशाचा विषय अधिक मोकळेपणाने निघू लागला आहे. बोलणे बहुधा भाषेचे, पगाराचे आणि व्हिसाचे असते. सांगली-मिरज भागात मी 31 वर्षे परिचर्या शिक्षिका म्हणून काम केले आणि निवृत्तीनंतरही जुन्या विद्यार्थिनी आपापल्या फायली घेऊन माझ्याकडे येतात. त्या फायली पाहून मी खात्रीने सांगू शकते, की आमच्या मुली परदेशातल्या परीक्षेत जेवढ्या अडत नाहीत तेवढ्या इथल्याच कागदांत अडतात.

परीक्षा सोप्या आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. ब्रिटनमध्ये नोंदणी हवी असेल तर आधी इंग्रजीची परीक्षा, मग संगणकावरची लेखी परीक्षा आणि शेवटी तिथे जाऊन दहा टप्प्यांची प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. तिला सगळे ‘ऑस्की’ म्हणतात. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, श्रवण आणि संभाषणात 7, तर लेखनात 6.5 गुण लागतात. अमेरिकेसाठी एनक्लेक्स ही परिचारिका-परवान्याची परीक्षा आहे. एप्रिल 2023 पासून तिचे स्वरूप बदलले असून पाच तासांच्या त्या परीक्षेत पाठांतरापेक्षा रुग्णाबाबत निर्णय कसा घेता याची पारख होते. जर्मनीत बहुधा बी-2 पातळीपर्यंत, म्हणजे कामकाज सहज करता येईल इतकी, भाषा यावी लागते. तरीही रात्रपाळी करून, लेकराला आजीकडे ठेवून या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुली मी पाहिल्या आहेत. अभ्यास त्यांच्या हातात असतो, कागद मात्र नसतात.

पहिली अडचण नावाची. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलीचे नाव आणि मग वडिलांचे. पदविकेवर आणि परिचर्या परिषदेच्या नोंदणीवर तेच माहेरचे नाव येते. पुढे लग्न होते, आधार कार्डावर आणि पासपोर्टवर सासरचे नाव येते, म्हणजे मधले नावही बदलते आणि आडनावही. काही घरांत तर मुलीचे स्वतःचे नावसुद्धा बदलण्याची पद्धत आहे. त्यात इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कार्यालयाने आपल्या मनाने केलेले असते. हे सारे कागद लंडनच्या किंवा दुबईच्या कर्मचाऱ्यापुढे जातात तेव्हा त्याला त्यात एक परिचारिका दिसत नाही, दोन वेगळ्या बायका दिसतात. वडिलांचे नाव जाऊन नवऱ्याचे नाव का आले हे त्याने समजून घ्यावे, अशी अपेक्षा आपण ठेवू शकत नाही. मग प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणी दाखला, राजपत्रात नावबदलाची जाहिरात आणि त्यानंतर प्रत्येक कागदाची नव्याने दुरुस्ती असा फेरा सुरू होतो. माझ्या एका विद्यार्थिनीचे या फेऱ्यात चौदा महिने गेले. तिच्या शिक्षणात किंवा कामात कुठलाही दोष नव्हता.

दुसरी अडचण तासांची आहे आणि तिच्याकडे आपल्या संस्थांचे लक्षच नाही. जर्मनीत 2020 पासून लागू असलेल्या कायद्यानुसार तिथल्या परिचारिकेचे प्रशिक्षण किमान 4600 तासांचे असते, त्यात 2100 तास वर्गातले आणि 2500 तास प्रत्यक्ष कामाचे. बाहेरून आलेल्या परिचारिकेचे शिक्षण याच मापाने तोलले जाते: बालरुग्ण किती तास, मनोरुग्ण किती, वृद्धांची शुश्रूषा किती. जिथे कमतरता दिसते तिथे तशी नोंद होते आणि ती भरून काढण्यासाठी तिला तिथे पुन्हा प्रशिक्षण घ्यावे लागते किंवा ज्ञानचाचणी द्यावी लागते. तोवर ती पूर्ण परिचारिका म्हणून नव्हे, तर सहायक म्हणून काम करते आणि पगारही त्याच दर्जाचा मिळतो. आमच्या जीएनएम या परिचर्या पदविकेच्या मुली वॉर्डात किती राबतात हे मी जवळून पाहिले आहे. मनोरुग्णालयात काढलेल्या आठवड्यांचा आणि गावोगाव केलेल्या क्षेत्रकामाचा तपशील महाविद्यालयाने ट्रान्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे शिक्षणाच्या तपशीलपत्रात, विषयवार लिहून दिला नाही, तर परिचारिकांची नोंदणी करणाऱ्या परदेशी नियामकाच्या लेखी ते काम झालेलेच नसते. अनेक संस्था आजही नुसते एकूण गुण आणि ‘अभ्यासक्रम पूर्ण केला’ एवढे एक वाक्य देऊन मोकळ्या होतात. पंधरा वर्षांपूर्वी शिकलेल्या मुलीने तास मागितले तर जुन्या नोंदवह्या सापडत नाहीत, आणि संस्था बंद पडली असेल तर विचारायचे कोणाला, हेच कळत नाही.

तिसरी गोष्ट पडताळणीची. परदेशी नियामक उमेदवाराने स्वतः नेलेल्या कागदावर विसंबत नाहीत, नोंदणीची खात्री मूळ परिषदेकडूनच करून घेतात. आखाती देशांत हे काम बहुतेक डेटाफ्लो या कागदपत्रे पडताळणाऱ्या कंपनीमार्फत होते. ही सावधगिरी योग्यच आहे, कारण बनावट प्रमाणपत्राचा धोका शेवटी रुग्णालाच असतो. पण परिषदेचे पत्र गेले की नाही, कोणत्या टेबलावर आहे, काय कमी पडले, हे अर्ज करणाऱ्या मुलीला घरबसल्या समजले पाहिजे. इंग्रजीचा निकाल ब्रिटनच्या नोंदणीसाठी दोनच वर्षे ग्राह्य धरतात. इथल्या कागदाला उशीर झाला, की ती मुदत टळते आणि पुन्हा शुल्क भरून परीक्षेला बसावे लागते.

अशा वेळी एजंट पुढे येतो. वास्तविक भारतातील नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, आणि ब्रिटनच्या भरतीसंहितेप्रमाणे तर नोकरी मिळवून देण्यासाठी उमेदवाराकडून शुल्क घेण्यासच मनाई आहे. हे आमच्या मुलींना कोणी सांगत नाही. ‘नावाचे आणि तासांचे मी बघतो’ असे म्हणणाऱ्या एका माणसाला मिरजेजवळच्या एका कुटुंबाने दागिने मोडून दोन लाख रुपये दिल्याचे मला ठाऊक आहे. केरळमध्ये ओडेपेक ही शासकीय संस्था 1977 पासून परदेशी नोकऱ्यांचे काम करते आणि नोर्का रूट्स या तिथल्याच दुसऱ्या शासकीय संस्थेने 2021 मध्ये जर्मन सरकारी यंत्रणेशी परिचारिकांसाठी करार केला. प्रमाणपत्रांच्या साक्षांकनाची सोयही नोर्काच्या केंद्रांत होते. तिथल्या मुलीला विचारायला एक सरकारी खिडकी आहे. सांगलीच्या किंवा नांदेडच्या मुलीलाही तशी खिडकी मिळायला हवी.

आपल्याच रुग्णालयांत परिचारिका कमी असताना त्यांचे जाणे सोपे का करायचे, असा प्रश्न मला अनेक जण विचारतात. प्रश्न खरा आहे आणि मलाही तो अस्वस्थ करतो. परंतु मूळ प्रमाणपत्रे कपाटात अडवून ठेवल्याने कोणी मनापासून ड्युटी करत नाही. खासगी रुग्णालयांतला तुटपुंजा पगार आणि वर्षानुवर्षांची कंत्राटी नेमणूक यांवर उपाय होईल तेव्हा मुली इथे राहतील. तोपर्यंत जिला जायचे आहे तिचा कागद अडवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

शासनाला माझी विनंती आहे, की पदविका आणि पदवीच्या प्रत्येक प्रमाणपत्रासोबत विषयवार तासांचा तक्ता मागणीची वाट न पाहता द्यावा, बंद पडलेल्या संस्थांच्या नोंदवह्या एका ठिकाणी जमा करून घ्याव्यात, आणि विवाहित परिचारिकेच्या नोंदणीवर माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे एकत्र दाखवण्याची सोय करावी. आज प्रशिक्षण घेत असलेल्या मुलींनाही एक सांगते: दहावीच्या गुणपत्रिकेवरचे स्पेलिंग पुढच्या प्रत्येक अर्जात अक्षरशः तसेच लिहा, प्रात्यक्षिकाच्या वहीवर त्या त्या वॉर्डच्या सिस्टरची तारखेसह सही वेळच्या वेळी घ्या, आणि महाविद्यालय सोडताना ती वही तिथे ठेवून येऊ नका.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचर्या शिक्षिका, मिरज