अँटवर्पहून निघालेली माणसं

अॅमस्टरडॅम,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

मागे फोनवर तू विचारलं होतंस की शाळेत धर्मसुधारणा, राजसत्ता आणि व्यापार हे तीन वेगळे धडे होते, त्यांचा एकमेकांशी संबंध काय? तेव्हा मला धड सांगता आलं नाही. काल बेल्जियममधल्या अँटवर्पला जाऊन आलो, आता सांगतो.

तिथल्या मोठ्या चर्चमध्ये चित्रकार रुबेन्सचं ख्रिस्ताला क्रुसावरून उतरवतानाचं चित्र आहे. त्याच्यासमोर बराच वेळ बसलो. याच चर्चमध्ये ऑगस्ट 1566 मध्ये जमावाने मूर्ती आणि वेद्या फोडल्या. प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या अनुयायांना ती मूर्तिपूजा वाटत होती. तिथे तेव्हा राज्य स्पेनच्या दुसऱ्या फिलिपचं आणि तो कट्टर कॅथलिक. त्याने आल्बाच्या ड्यूकला सैन्य देऊन पाठवलं. ड्यूकने हजारोंना शिक्षा ठोठावल्या आणि वर प्रत्येक विक्रीवर दहा टक्के कर मागितला. तो कर कॅथलिक व्यापाऱ्यालाही झोंबला. धर्माचं भांडण तिथेच दुकानाच्या गल्ल्यापर्यंत पोचलं.

पुढचं वाचताना मला फार त्रास झाला. 1575 मध्ये फिलिपचं दिवाळं निघालं आणि सैनिकांचे पगार तुंबले. नोव्हेंबर 1576 मध्ये त्याच्याच उपाशी, बिथरलेल्या शिपायांनी अँटवर्प लुटलं, जाळलं, हजारो माणसं मारली. युरोपातली सगळ्यात श्रीमंत बाजारपेठ होती ती! मग शहर स्पेनविरुद्धच्या बंडात सामील झालं, आणि शेवटी 1585 मध्ये वेढा घालून स्पेनने ते पुन्हा घेतलं. प्रोटेस्टंटांना चार वर्षांची मुदत मिळाली: कॅथलिक व्हा, नाहीतर घरदार विकून चालते व्हा. माणसं निघाली. ऐंशी हजारांच्या घरातली वस्ती चार वर्षांत जेमतेम निम्मी उरली. समुद्राकडे जाणारी स्खेल्ड नदी उत्तरेकडच्या डच बंडखोरांनी अडवून धरली होती, त्यामुळे बंदरही बसलं.

यातले बरेच जण उत्तरेला आले, काही इथे अॅमस्टरडॅमला. सोबत पैसा होता, पण त्याहून मोलाचं म्हणजे हिशेबाची रीत, परगावच्या ओळखी, बाजारातली पत. डर्क फान ओस त्यांच्यातलाच. 1602 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या इथल्या शाखेची भागनोंदणी, म्हणजे शेअर घेणाऱ्यांची नावं आणि रकमा वहीत लिहिणं, त्याच्याच घरी झाली. सगळ्यात मोठी रक्कम इझाक ले मेअरची, 85,000 गिल्डर (तेव्हाचं डच चलन). तोही दक्षिणेतूनच आलेला. आणि त्याच वहीत फान ओसच्या घरी काम करणाऱ्या नेल्टजेन कॉर्नेलिस या बाईचे 100 गिल्डर आहेत. कामवाल्या बाईचं नाव जहाजांच्या मालकांच्या पंगतीत! या एका नोंदीसाठी मी ती वही पुन्हा पुन्हा आठवतो.

पण म्हणून या कंपनीचं कौतुक माझ्याने होत नाही. छळ सोसून आलेल्यांच्या पैशावर उभी राहिलेली ही कंपनी 1621 मध्ये जायफळासाठी आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर उतरली आणि तिथले बहुतेक मूळ रहिवासी मारले गेले किंवा देशोधडीला लागले. स्वतः घर सोडावं लागलेल्यांच्या मुलाबाळांनी हे कसं होऊ दिलं, हे मला अजून समजत नाही.

आणि दिलीप, यात आपलं वेंगुर्लंही येतं. लिन्सखोटेन नावाचा डच तरुण 1583 पासून पाचेक वर्षं गोव्यात आर्चबिशपचा कारकून होता. पोर्तुगीजांच्या सागरी वाटांची माहिती जमवून त्याने 1595-96 मध्ये छापली. त्यानंतर डचांची गलबतं इकडे येऊ लागली. गोव्यावर नजर ठेवायला त्यांना जवळचा तळ हवा होता, तो त्यांनी 1637 मध्ये आदिलशाही मुलखात, वेंगुर्ल्याला मिळवला. आपण पावसात आडोशाला थांबायचो ती डच वखार त्यांचीच.

यंदा पाऊस सरला की तिकडे एक फेरी मार. भिंतींवरची झाडं अजून काढली आहेत की नाही ते बघ आणि दरवाज्याचा एक फोटो पाठव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुधीर