सिस्टर, मामाजींची मिशी तुम्ही राखलीत

आदरणीय सिस्टर,
सविनय नमस्कार.

माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची, तेरवी परवा आटोपली. पाहुणे आपापल्या गावी गेले आणि बरेच दिवस मनात घोळणारे हे पत्र आज लिहायला बसले आहे. तुमचे किंवा तुमच्या ख्रिस्ती जोगिणींच्या मंडळाचे नाव कुठे येऊ देऊ नका, असे तुम्ही बजावले होते. ते मी पाळते; मात्र घडले ते चार लोकांनी वाचावे, एवढी मोकळीक मी घेत आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागात तंबाखू-सुपारीचा खर्रा न खाणारा पुरुष शोधावा लागतो. मामाजींनीही तो उभे आयुष्य खाल्ला आणि जबड्याच्या कॅन्सरने त्याची किंमत वसूल केली. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात रेडिएशनचे शेक देऊन झाले, आणि शेवटी एके दिवशी हातात कार्ड ठेवून आम्हाला सांगण्यात आले की, आता घरी न्या आणि ते मागतील ते खाऊ घाला. ज्या माणसाचा जबडा उघडत नव्हता, ज्याला नाकातल्या नळीतून पेज आणि वरणाचे पाणी द्यावे लागत होते, त्याने काय खायला मागावे, हे सांगणाऱ्याच्या ध्यानातही आले नाही. आजार बरा होण्यापलीकडे गेला होता, यात त्या डॉक्टरांचा दोष नाही. पण वेदना कमी करता येते, त्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या असतात, आणि 2014 साली कायद्यात दुरुस्ती होऊन त्या मिळवणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे, हे आम्हाला तिथे कोणी सांगितले नाही. ते पुढे तुमच्याकडून आणि तुम्ही गाठ घालून दिलेल्या डॉक्टरांकडून कळले. तोवर साध्या अंगदुखीच्या गोळ्या नळीतून देत आम्ही रात्री काढल्या. त्या रात्रींचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि तो गेला असे मी खोटे लिहिणार नाही.

घरी आणल्यावर गालाला भोक पडले. जखमेचा वास ओसरीपर्यंत येऊ लागला, तसे येणारे लोक अंगणातूनच विचारपूस करू लागले. नाकाला पदर लावून दाखवलेली काळजी आजाऱ्याला दिसते, सिस्टर. मामाजी भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मी त्यांची सून. आमच्याकडे सासऱ्यासमोर अजून डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत. त्यामुळे त्यांची घाण काढणे मला जड नव्हते, पण माझ्याकडून ती काढून घेणे त्यांना मरणाहून जड होते. ते अंथरुण ओले करून तसेच पडून राहत आणि बोलत नसत.

तुम्ही आलात तेव्हा कापसाची वेचणी ऐन भरात होती. तुम्ही सरळ खाटेजवळ खाली बसलात, तोंडावरचा मास्क उतरवून आधी आपला चेहरा त्यांना दाखवलात, आणि केरळी वळणाच्या मराठीत विचारलेत, "बाबाजी, हात लावू का?" त्यांनी मान हलवल्यावरच मास्क पुन्हा चढवून कामाला सुरुवात केलीत. जखमेला चिकटलेली वाळकी पट्टी दवाखान्यात ओढून काढत, तेव्हा मामाजी खाटेची लोखंडी कड गच्च धरत. तुम्ही ती सलाईनच्या पाण्याने भिजवलीत, वाट पाहिलीत, आणि ती आपोआप सुटून आली. वासाकरिता डॉक्टरांनी सांगितलेल्या मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या कुटून त्यांची पूड जखमेवर भुरभुरलीत. दोन-चार दिवसांतच वास बराच उतरला. इतकी साधी गोष्ट! आणि मग तुम्ही माझ्या नवऱ्याला शेतातून बोलावून घेतलेत. चादर धरून कुशीवर कसे वळवायचे, दर दोन तासांनी कूस का बदलायची, पाठीमागे उशी कशी लावायची, अंग कसे पुसायचे, हे सारे तुम्ही त्यांच्या हातून करून घेतलेत आणि मला चहा ठेवायला पाठवलेत. सुनेच्या गळ्यात पडलेले काम मुलाचे असू शकते, हे आमच्या घरात त्याआधी कोणी उघड बोलले नव्हते.

हे सगळे उपकार मोठेच आहेत. पण मला जे विसरता येत नाही, ते यांतले काहीच नाही.

मामाजींना दाढीची फार हौस होती. बाजाराच्या दिवशी गुळगुळीत दाढी, कोरलेली मिशी आणि डोक्यावर तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची भगवी टोपी, असा त्यांचा थाट असे. जखम उघडी पडल्यावर त्या चेहऱ्याला वस्तरा लावायला कोणी धजावेना, आणि माणूस मरणाच्या दारात असताना दाढीचे काय घेऊन बसायचे, असे घरातल्यांनाही वाटू लागले होते. एका सकाळी पट्टी बदलून झाल्यावर तुम्ही कोमट पाणी मागितलेत आणि पिशवीतून रेझर काढलेत. चांगल्या बाजूच्या गालाला बोटांनी साबणाचा फेस लावलात, कातडी अलगद ताणून वरून खाली रेझर फिरवलात. नाकाखाली येऊन थांबलात आणि विचारलेत, "बाबाजी, मिशी ठेवायची ना?" कित्येक दिवस हातवारेसुद्धा न करणाऱ्या मामाजींनी हात उचलला आणि दोन बोटांनी मिशीची टोके दाखवली: इथपर्यंत, याच्यापुढे कापू नका. तुम्ही छोट्या कात्रीने ती नेमकी तिथपर्यंत कोरलीत, अगदी एका बाजूचा केस लांब राहिला तोही पुन्हा वाकून कापलात, आणि त्यांच्या हातात आरसा दिलात. आरसा आम्ही मुद्दाम लपवून ठेवला होता. त्यांनी चेहरा तिरका करून फक्त चांगली बाजू पाहिली, बराच वेळ पाहिली. त्या दिवसापासून ते भिंतीकडे तोंड करून झोपले नाहीत.

गावात कुजबुज झाली, हे तुमच्या कानावर असेलच. धर्म बदलवायला येतात, असे म्हणणाऱ्यांपैकी एकानेही एक रात्र मामाजींच्या उशाशी काढली नव्हती. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेची वेळ झाली की तुम्ही त्यांना उशीला टेकवून बसवत होतात आणि प्रार्थना संपेपर्यंत स्वतः बाजूला शांत बसून राहत होतात. तुम्ही परक्यांच्या घरी रात्री का जागता, असे मी एकदा विचारले, तेव्हा तुम्ही 1851 सालच्या माद्रिदची हकीकत सांगितलीत. मारिया सोलेदाद या बाईंसह सात जणी एकत्र आल्या, आणि घरच्यांना घटकाभर झोप मिळावी म्हणून गरिबांच्या घरी आजाऱ्याजवळ रात्री फुकट बसू लागल्या. त्याच्याही आधी, 1824 मध्ये, पॅरिसला बारा जणींनी बाँ सेकूर मंडळ काढले ते घरोघरी जाऊन शुश्रूषा करण्यासाठीच. जोगिणींनी असे लोकांच्या घरात राहणे तेव्हा रीतीला सोडून होते. ऐकताना मला हसू आले. बाईने उंबरा ओलांडला की नावे ठेवणारे तिकडेही होतेच तर!

आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या गाडगेबाबांनी रोग्यांना औषधोपचार हे देवाचेच काम मानले. त्यांच्या नावाचा जयजयकार करणारे अंगणात उभे राहिले आणि खाटेजवळ तुम्ही बसलात, एवढे मला दिसले.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, म्हणून इथे आणखी एक कळवते. तुम्ही आणून दिलेली हवेची गादी आणि कमोडची खुर्ची धुऊन, उन्हात वाळवून ठेवली आहे. शेजारच्या गावात लकवा झालेले एक आजोबा आहेत. त्यांचा मुलगा चौकशी करून गेला, पण कूस कशी बदलायची ते त्याला ठाऊक नाही. तुमची हरकत नसेल तर येत्या रविवारी माझा नवरा दोन्ही वस्तू तिकडे पोचवील आणि त्या मुलाला चादर धरायला शिकवून येईल. दाढीचे सामानही सोबत द्यायला सांगितले आहे.

आपली नम्र,
मामाजींची सून