त्याला काढू नकोस

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, मे महिना

प्रिय मिल्या,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय. तुझ्या फँटसी बेसबॉलच्या (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर खेळायच्या खेळातल्या) टीममधल्या त्या डावखुऱ्या पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, ईआरए पाचच्या वर गेला आणि आज रात्री तू त्याला टीममधून काढणार आहेस म्हणे. अरे, जरा दम धर.

ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या माथी बसलेले रन. फिल्डरच्या हातून चेंडू निसटला तर एरर धरतात, ते ठीक. पण फिल्डर मुळात हळू असला आणि चेंडूपर्यंत पोचलाच नाही, तर तो चक्क हिट, म्हणजे बॅटरचा यशस्वी फटका. त्याचं पाप पिचरच्या खात्यावर.

२००१ मध्ये बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक व्होरोस मॅक्रॅकनने हेच मांडलं: स्ट्राइकआऊट (बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद करणं), वॉक (चार वाईट चेंडूंवर बॅटरला फुकट मिळालेला बेस), होमरन हे पिचरच्या हातात. मैदानात पडलेल्या बाकीच्या चेंडूंचं काय होतं, यावर त्याचा फारसा ताबा नसतो. लोक खवळले होते. पुढे बोस्टन रेड सॉक्सने त्यालाच सल्लागार म्हणून घेतलं.

रेड सॉक्सचा पिचर पेड्रो मार्टिनेझ, त्याचं बघ, म्हणजे पटेल. १९९९ मध्ये ३१३ स्ट्राइकआऊट, ३७ वॉक, होमरन फक्त ९, ईआरए २.०७. २००० मध्ये स्ट्राइकआऊट घटून २८४, होमरन जवळजवळ दुप्पट, १७. वॉक तेवढे ३२ वर आले. आता ईआरए वाढायला हवा की नको? तो उतरून १.७४ झाला! कारण खेळात राहिलेले चेंडू आदल्या वर्षी धडाधड हिट होत होते आणि त्या वर्षी फिल्डरच्या ग्लोव्हमध्ये जात होते. खेळात राहिलेल्या चेंडूंपैकी किती हिट झाले, याचा आकडा म्हणजे बॅबिप. लीगची सरासरी .३०० च्या आगेमागे असते. एखादा पिचर तिच्यापासून फार लांब गेलेला दिसला, की बहुतेक वेळा तो परत येतो.

म्हणून मी एफआयपी बघतो, म्हणजे फक्त पिचरच्या हातातल्या गोष्टींवरून काढलेला आकडा. होमरनला १३ ने गुणायचं, वॉक आणि अंगाला लागलेल्या चेंडूंना ३ ने, त्यातून स्ट्राइकआऊटची दुप्पट वजा, भागिले इनिंग. वर साधारण ३.१ मिळवायचे, म्हणजे आकडा ईआरएच्या मापात येतो. पेड्रोचा असा काढलास तर १९९९ चं वर्षच सरस निघतं. मे महिन्यात तर मी याहूनही सोपं करतो: समोर आलेल्या बॅटरपैकी स्ट्राइकआऊट किती टक्के, त्यातून वॉकचे टक्के वजा. हे आकडे लवकर स्थिरावतात. बॅबिपला सबंध सीझनही पुरत नाही.

आता तुझा माणूस. स्ट्राइकआऊट गेल्या वर्षीइतकेच, वॉक उलट कमी, फास्टबॉलचा वेग तोच. बॅबिप तेवढा आभाळाला भिडलाय. वेग दोन मैलांनी पडला असता तर मीच म्हटलं असतं, काढ. खांद्याचं दुखणं बऱ्याचदा आधी तिथेच दिसतं.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर म्हणशील मी आकड्यांचा भक्त झालोय. ब्लेक स्नेल या पिचरने २०२३ मध्ये २.२५ च्या ईआरएवर साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार, जिंकला, आणि त्याच वर्षी ९९ वॉक देऊन त्यातही अव्वल! बेसवर माणसं उभी करायची आणि घरी येऊ द्यायची नाहीत, हे वर्षानुवर्षं जमत नसतं. पुढच्या वर्षी ईआरए ३.१२ झाला, तो अंदाजात होता. पण दुखापतींमुळे इनिंग जेमतेम १०४ पडल्या, त्याचं भाकीत कुठल्याच कोष्टकात नव्हतं. आणि त्याच वर्षी पठ्ठ्याने नो-हिटरही टाकला, म्हणजे सबंध सामन्यात एकही हिट दिला नाही. घ्या!

बदल करायचाच असेल तर तुझ्या त्या दोनच्या ईआरएवाल्याला ट्रेडमध्ये दे. स्ट्राइकआऊट नाहीत, वॉक ढीगभर. आत्ता त्याला भाव आहे तोवर गिऱ्हाईक शोध. डावखुऱ्याला फक्त डेन्व्हरच्या सामन्यात बसव. तिथल्या विरळ हवेत भलेभले मार खातात.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आणि एवढं लिहूनही त्याला सोडलंस, तर वेव्हरवरून, म्हणजे सोडलेल्या खेळाडूंच्या यादीतून, मी उचलणार. मग रडत फोन करायचा नाही.

तुझा,
नंदू