माईक आहे, समाधी नाही

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

चारचौघांत पत्र लिहितोय, रागावू नका. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा घेणार का" म्हणून विषय बदलता. इथे तुम्हाला चहा मागवता येणार नाही. ताई वाचून दाखवेल, तेव्हा मधेच उठू नका.

परवा ड्रमरकडून कळलं की इस्टेट रीडेव्हलपमेंटला गेली आणि पुढच्या महिन्यात गाळा रिकामा करायचाय. म्हणून घाईने लिहायला बसलो. लालबागच्या त्या गाळ्याला आम्ही जॅम रूम म्हणायचो. तुम्ही शेवटपर्यंत "तालमीची खोली" म्हणालात. भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला आतून गोधडी, आणि पंखा लावला की बेसच्या अँपमधून येणारी घरघर.

2018 च्या जुलैत आमचा गायक गेला. तापाचं निमित्त, पाच दिवसांत सगळं आटपलं. त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्याच्या आईला ते आवडणार नाही. नंतर चार महिने आम्ही तिघं तुमच्याकडे फिरकलोसुद्धा नाही. गणपती आले, गेले, तुमच्या बेंजो पार्टीचा सीझन संपला, दिवाळी झाली. आमचं सामान तुमच्याकडेच पडून होतं. तुम्ही एकदाही फोन केला नाही, याचं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आज वाटतं, बरं केलंत.

त्या दिवसांत मी एकच बँड ऐकत होतो, सिॲटलचा ॲलिस इन चेन्स. त्यांचा गायक लेन स्टेली 5 एप्रिल 2002 रोजी ड्रग्जच्या ओव्हरडोसने गेला आणि दोन आठवड्यांनी लोकांना कळलं. त्याच्याबरोबरचा शेवटचा कार्यक्रम 1996 च्या जुलैत झाला होता, म्हणजे बँड तसा आधीच गप्प होता. पुन्हा एकत्र उभे राहिले ते 2005 च्या फेब्रुवारीत, त्सुनामीग्रस्तांसाठी सिॲटलमध्येच मदतीचा कार्यक्रम झाला तेव्हा. गाणारे पाहुणे, वाजवणारे हे. मी हे सगळं पाठ करत होतो, जसं कुणी परीक्षेच्या आदल्या रात्री दुसऱ्याच विषयाचं पुस्तक वाचत बसावं.

नोव्हेंबरात सामान उचलायला आलो. बँड बंद करायचा हे घरून ठरवूनच निघालो होतो. आत पाहतो तर आमच्या गायकाचा माईक स्टँडवर नाही. त्याच्या जाळीला एका बाजूला खोक होती, बदलापूरच्या एका कार्यक्रमात स्टेजवरून पडला होता तेव्हाची. मी विचारलं, "माईक कुठाय?" तुम्ही खुर्चीतून न उठता सांगितलंत, "भाड्याने दिलाय. एक पोरांची पार्टी आहे, मंगळवार-शुक्रवार येतात."

मी तुम्हाला काय काय बोललो ते तुमच्या लक्षात असेल. नसलं तर देवाची कृपा. सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच म्हणालात, "माईक आहे तो. समाधी नाही."

मी जिन्यापर्यंत गेलो होतो. तुम्ही मागून हाक मारलीत, "ए बेसवाल्या, त्याच्यासोबत वर कोण गायचं?"

"मीच."

"मग झीलकरी जिवंत आहे की."

गिरणगावातल्या कलापथकात तुमचे वडील झील धरायचे, हे मला त्या दिवशी कळलं. शाहीर ओळ टाकतो, दम घेतो, आणि त्या दमाच्या जागेत मागची दोन माणसं ओळीचं शेपूट धरून ठेवतात. शाहिराचा घसा बसला तर अख्खी रात्र झीलकऱ्यांनी काढलेली तुम्ही लहानपणी पाहिली होती. मला तोवर वाटायचं, मी बेस वाजवतो आणि जमलं तर मागे थोडं गुणगुणतो.

मग मी मोबाइलवर तुम्हाला ॲलिस इन चेन्सचं अनप्लग्ड ऐकवलं, म्हणजे विजेच्या गिटारींचा गोंगाट बाजूला ठेवून, बसून केलेला कार्यक्रम. 10 एप्रिल 1996, ब्रुकलिन. दोन वर्षांहून जास्त काळाने लोकांसमोर बसले होते. तुम्ही फोन कानाला लावून, डोळे मिटून दोन गाणी ऐकलीत. इंग्रजी शब्द तुम्हाला कळत नव्हते, त्यामुळे बहुतेक सूरच नीट ऐकू आले. डोळे उघडून विचारलंत, "यातला गेलेला कोण?"

काका, त्या बँडचं सगळं पुढचं आयुष्य या प्रश्नात आहे. स्टेली आणि गिटारवाला जेरी कँट्रेल यांचे आवाज एकमेकांना इतके चिकटून चालतात की ज्याला लोक "स्टेलीचा आवाज" म्हणायचे, त्यातला अर्धा कँट्रेलचा होता. गायक गेला तरी अर्धा आवाज घरातच होता. 2006 मध्ये विल्यम ड्युव्हॉल आला, तोही बाहेरून उचलून आणलेला नाही. तो आधी कँट्रेलच्या स्वतंत्र दौऱ्यांवर सोबत गिटार वाजवत, गात होता. 2009 मध्ये त्यांचा नवा अल्बम आला. त्यातलं शेवटचं गाणं स्टेलीला वाहिलेलं आहे आणि त्यात पियानो एल्टन जॉनने वाजवलाय. स्टेलीबरोबर पूर्ण लांबीचे स्टुडिओ अल्बम तीन, 1990, 92, 95. ड्युव्हॉलबरोबरही तीन, 2009, 2013, 2018. तिसरा तर आमचा माणूस गेला त्याच्या पुढच्याच महिन्यात आला. त्याने ऐकला असता तर शिव्या घातल्या असत्या की नाचला असता, सांगता येत नाही.

ड्युव्हॉल स्टेलीची नक्कल करत नाही, हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात. ऑर्केस्ट्राच्या दिवसांतलं तुमचं दुखणं तिथे बाहेर आलं. पोस्टरवर "व्हॉइस ऑफ मुकेश", "व्हॉइस ऑफ रफी" अशी नावं, आणि त्या माणसाचं स्वतःचं नाव खाली बारीक अक्षरात. "चांगली गाणारी पोरं होती रे. जन्मभर दुसऱ्याच्या नाकातून गायली." मग बोट दाखवून दम दिलात, "त्याचा व्हॉइस ऑफ आणू नका. आणलात तर गाळ्यात घेणार नाही."

बँडचं नाव बदलावं का, यावर आमची भांडणं चालली होती. इंग्लंडच्या जॉय डिव्हिजनने 1980 मध्ये गायक गेल्यावर नाव टाकून दिलं आणि न्यू ऑर्डर झाले, हा माझा मुद्दा. तुमचा मुद्दा असा होता की अध्यक्ष गेला म्हणून मंडळाचं नाव बदलत नाहीत. न्यू ऑर्डरचं काही वाईट झालं नाही, हे मी अजूनही म्हणतो. पण नाव राहिलं.

पुढचे सहा आठवडे तुम्ही जे करायला लावलंत त्याबद्दल खरे आभार. "तुझी झील तेवढी गा. त्याची ओळ मोकळी सोड." चाल नसताना नुसती वरची हार्मनी गाणं म्हणजे जिन्याच्या पायऱ्या काढून नुसता कठडा धरून चढण्यासारखं. पहिल्या दिवशी ड्रमर मधेच थांबला, बाहेर जाऊन उभा राहिला. तुम्ही दाराशी बसून वहीत काहीतरी लिहीत होतात, वर पाहिलंत नाही. तिसऱ्या आठवड्यात मोकळ्या जागेत त्याची ओळ ऐकू येणं थांबलं आणि गाणं ऐकू यायला लागलं. हे लिहिताना मला लाज वाटते. तेव्हा जास्त वाटली होती.

आणि मग ती शुक्रवारची पार्टी. त्यांच्यात मागे उभी राहून गाणारी मुलगी, हातात तो खोक पडलेला माईक. तुम्ही मुद्दाम आमची वेळ त्यांच्या वेळेला चिकटून दिली होतीत, आता तरी कबूल करा. तिने आमचं एक गाणं दाराबाहेरून ऐकलं होतं. पट्टीचा घोळ झाला. आमची गाणी अर्धा सूर उतरवलेल्या गिटारवर, काळी दोनमध्ये, आणि तिला काळी चार हवी. पट्टी चढवली तर मोकळ्या तारेवरचे सगळे रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे, मेले. दोन रविवार त्यात गेले. शेवटी तिनेच सुचवलं, वरची झील मी घेते, खालची ओळ तू घे. म्हणजे त्याची ओळ माझ्याकडे आली. मी नाही म्हणण्याआधी तुम्ही चार आकडे मोजून ड्रमरला खूण केली होतीत.

दिल्लीच्या इंडियन ओशन बँडचे असीम चक्रवर्ती 2009 मध्ये गेले तेव्हा त्यांच्या जागी दोघं आले, एक गाण्याला, एक तबल्याला. आमच्याकडेही एकाची जागा दोघांत वाटली गेली. 2024 मध्ये अमेरिकेतला लिंकिन पार्क बँड गायक गेल्यावर सात वर्षांनी एमिली आर्मस्ट्राँगला गायला घेऊन परतला आणि लोक इंटरनेटवर भांडू लागले, तेव्हा आमची ही मुलगी मला म्हणाली, "बघ, मला निदान लालबागमध्येच शिव्या बसल्या." बसल्या होत्याच. पहिल्या गिगला आमच्या गेलेल्या गायकाचे कॉलेजचे मित्र दुसऱ्या गाण्याला उठून गेले. त्यातला एक हल्ली येतो, मागे उभा राहतो.

गेल्या महिन्यात आमची पाच गाणी रेकॉर्ड झाली. माईक तोच वापरला. स्टुडिओवाल्याने चांगला देऊ केला होता.

तुमच्या वहीत आमच्या नावापुढे त्या चार महिन्यांचं भाडं लिहिलेलं मी पाहिलंय, आणि त्यावर मारलेली तिरकी रेघही. ते पैसे तुम्ही घेणार नाही, म्हणून विचारतही नाही. रविवारी सकाळी सात वाजता आम्ही चौघं टेम्पो घेऊन येतो. स्पीकर तुम्ही उचलायचे नाहीत, ताईने बजावलंय. अंड्यांचे ट्रे भंगारात देऊ नका, आम्हाला हवेत. आणि पंख्याचं काय करणार आहात?

तुमचा,
बेसवाला