प्रणय, आधी सभासद हो

आर्वी
रविवार

चि. प्रणय यास,
अनेक आशीर्वाद.

पूर्वपरीक्षेचा निकाल लागला त्या संध्याकाळी तू फोनवर "ठीक आहे" एवढंच म्हणालास आणि ठेवून दिलास. निकालाचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त तुझा आवाज मनात राहिला. दिवसभरात पहिल्यांदाच तोंड उघडलं असावं असा तो घोगरा होता. त्यावर काही लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. ग्रंथालयाबद्दल लिहिते, त्यातलं मला कळतं.

तुझी अभ्यासिका वाईट नाही. प्लायवूडची केबिन, चार्जिंगचा पॉइंट, रात्रभर दिवा, सगळं आहे. पण तिथे फक्त जागा भाड्याने मिळते. ज्या नोट्स घेऊन जातोस त्याच घेऊन परत येतोस. शेजारच्या मुलाचं तोंडही दिसत नाही. म्हणून म्हणते, केबिन ठेवायची असेल तर ठेव, पण एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाचा सभासद हो.

नागपुरात शासकीय विभागीय ग्रंथालय आहे. सीताबर्डीला विदर्भ साहित्य संघ आहे, १९२३ साली अमरावतीत सुरू झालेला. शिवाय शहरभर शासनमान्य वाचनालयं आहेत, १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली चालणारी. पाटीवर अ, ब, क, ड असा वर्ग लिहिलेला दिसेल. वर्ग वरचा असला की पुस्तकं जास्त आणि वेळही जास्त, पण तू त्यावर जाऊ नकोस. खोलीपासून चालत जाता येईल ते बघ. लांबचं ग्रंथालय पहिल्या उन्हाळ्यातच सुटतं.

जाताना आधार कार्ड, दोन फोटो आणि भाडेकरार ने. आधारवर आपल्या घरचा पत्ता आहे, तिथेच मुलांचं अडतं. करार नसेल तर जुन्या सभासदाची शिफारस चालते का ते विचार. बऱ्याच ठिकाणी चालते. आत्याकडे कुणी ना कुणी सभासद निघेलच, तिला फोन कर, तिचा डबा परत पाठवल्यापासून ती माझ्याशीही नीट बोलत नाही. अनामत आणि वर्गणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनामत सोडताना परत मिळते, पण पावती दाखवल्यावर. पावतीचा फोटो काढून बाबांना पाठव. आणि एका वेळी किती पुस्तकं, किती दिवस, दंड कसा, हे पहिल्याच दिवशी विचारून घे.

आता पुस्तक शोधायचं कसं. पुस्तकाच्या पाठीवर खाली चिठ्ठी असते. तिच्यावरचा आकडा म्हणजे विषय. दशांश पद्धत असेल तर ३२० ला राज्यशास्त्र, ३३० ला अर्थशास्त्र, ३४२ ला राज्यघटना, ९५४ ला भारताचा इतिहास. मराठी साहित्य ८९१.४६ ला. लहान वाचनालयात आकडे नसतात, कादंबरी, चरित्र, प्रवास अशी कपाटं असतात. कपाटं कुलपात असतील तर यादीतून दाखल क्रमांक, म्हणजे त्या पुस्तकाचा नोंदणीचा आकडा, चिठ्ठीवर उतरवून द्यायचा. लेखक आडनावाने शोध. यादीत आहे पण जागेवर नाही, असं झालं तर आधी परत आलेल्या पुस्तकांचं टेबल बघ, मग त्याच फळीवर दोन्ही बाजूंना हातभर अंतर बघ. पुष्कळदा तिथेच असतं, कुणीतरी चुकीच्या जागी खोचलेलं. तू वाचून झालेलं पुस्तक स्वतः फळीवर ठेवू नकोस, टेबलावर ठेव. चुकीच्या फळीवर गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा होतं, पुढच्या मोजणीपर्यंत कुणाच्या हाती लागत नाही.

अभ्यासाचं पुस्तक घेताना शीर्षकाच्या पानाची मागची बाजू वाच. तिथे आवृत्ती आणि पुनर्मुद्रण वेगळं लिहिलेलं असतं. पुनर्मुद्रण म्हणजे जुनाच मजकूर नव्याने छापलेला. राज्यघटनेवरचं पुस्तक २०२३ च्या आधीच्या आवृत्तीचं असेल तर १०६ वी घटनादुरुस्ती, महिला आरक्षणाची, त्यात सापडणार नाही, मग छपाई कितीही ताजी असो. स्पर्धा परीक्षेची आणि संदर्भाची पुस्तकं बहुधा घरी देत नाहीत. ती तिथेच बसून वाच, आणि घरी नेण्यासाठी परीक्षेशी संबंध नसलेलं एखादं घे. घेशील ना?

लहानपणी तू माझ्या टेबलाखाली बसून तारखेचा शिक्का मागायचास. शाई बोटांना, शर्टाला, एकदा सोनूच्या कपाळाला. येणाऱ्या प्रत्येकाला नाव विचारायचास, कुठलं पुस्तक घेतलं ते विचारायचास. बाबा म्हणायचे, हा पोरगा पुढे वकील होणार. तोच मुलगा आता कुणाला काही विचारत नाही, हे मला पटत नाही.

नाही, परत तिकडेच गेले. हे भाषण झालं, माफ कर.

संदर्भ विभागात दोन गोष्टी मुद्दाम माग. एक, नागपूर जिल्ह्याचं गॅझेटिअर. १९०८ चं इंग्रज सरकारचं आहे आणि १९६६ चं महाराष्ट्र शासनाचं. पिकं, तलाव, बाजार, जाती, पाऊस, सगळं एका जागी. १९५६ पर्यंत हे शहर आधी मध्यप्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं, तू रोज ज्या रस्त्यांनी जातोस ते का असे आहेत हे त्यात उलगडतं. दुसरं, मराठी विश्वकोशाचे २० खंड. ते मोबाइलवरही फुकट वाचता येतात, पण खंड उघडला की शोधलेल्या नोंदीशेजारची नोंदही वाचली जाते. ही पुस्तकं कपाटाच्या वरच्या फळीवर असतात, मागितल्याशिवाय मिळत नाहीत. म्हणजे ग्रंथपालाशी बोलावंच लागतं. नुसतं "इतिहासाचं पुस्तक आहे का" म्हणू नकोस. "नागपूर करारावर, १९५३ च्या, काही मराठीत आहे का" असं विचार. नेमका प्रश्न घेऊन आलेला वाचक ग्रंथपालाला आवडतो, तो दुसऱ्या दिवशी आपणहून एखादं पुस्तक बाजूला काढून ठेवतो. इतकी वर्षं टेबलाच्या त्या बाजूला काढलीत, म्हणून खात्रीने सांगते.

खोलीत पुस्तक कूलरसमोर ठेवू नकोस. ओल्या हवेने पानं लाटांसारखी होतात आणि मग बुरशी धरते. कूलर नसलेल्या खोलीत उलटं, आपल्या मे महिन्यात बांधणीचा गोंद वाळतो आणि पुस्तक पूर्ण उपडं केलं की पाठ मोडते. कपाटातून काढताना वरच्या टोकाला बोट घालून ओढू नकोस, दोन्ही बाजूंची पुस्तकं किंचित आत ढकल आणि मधलं कमरेत धर. पान फाटलं तर सेलोटेप लावू नकोस, ती पिवळी पडून कागद खाते. तसंच परत दे आणि सांग.

दिवाळीनंतर अंकांची वेगळी योजना असते, थोड्या वर्गणीत बरेच अंक वाचायला मिळतात. लवकर नाव दे, चांगले अंक आधी जातात. १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, या दिवसांत प्रदर्शनं आणि व्याख्यानं असतात. जिल्ह्याचा ग्रंथोत्सवही भरतो. सूचना फलकावर लागतात, म्हणून आत शिरताना फलक बघायची सवय लाव. व्याख्यानाला गेलास तर मागे बस, पण संपल्यावर लगेच निघू नकोस. खुर्च्या उचलायला लाग, ओळख तिथेच होते.

सकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलावर पेन्शनर मंडळी असतात. एकच अंक, वाट बघणारे चार. "तुमचं झालं की द्याल का काका" एवढं तरी म्हणावं लागेल. दिवसातून एक वाक्य, प्रणय. मला दुसरं काही नको.

बाबांचा गुडघा बरा आहे, जिना टाळतात. तुझ्या निकालाबद्दल ते काही बोलले नाहीत, पण शेजाऱ्यांना सांगत होते की तो नागपुरात एकटा सगळं सांभाळतो. अभिमानाने सांगत होते. मला त्यातल्या "एकटा" या शब्दाचीच धास्ती वाटते.

पुढच्या परीक्षेचं तू ठरव. द्यायची की नाही, तेही तूच. जेवण वेळेवर कर, आत्याला फोन कर.

तुझी,
आई

ता. क. सोमवारी जाऊ नकोस. पुष्कळ वाचनालयांची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते, आणि बंद दार बघून तू परत जाणार नाहीस हे मला माहीत आहे. मंगळवारी जा, दुपारी, तेव्हा टेबलावर गर्दी नसते. सभासद क्रमांक मिळाला की कळव.