तुझे हार्नेस कोण तपासते?

प्रिय चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

सरावाच्या सांगाड्यावरचे तुझे छायाचित्र आईने शेजारीपाजारी सर्वांना दाखवून झाले आहे, आणि सोमवारपासून उंचीवरचे काम शिकणारी तुझी पहिली तुकडी प्रत्यक्ष इमारतीवर जाणार हेही तिने सांगून टाकले आहे. मीही ते छायाचित्र पुष्कळ वेळ पाहिले. मुले खाली ओळीने उभी आहेत, तू वर आडव्या पाइपाजवळ उभी राहून त्यांना काही दाखवते आहेस आणि तुझ्या हार्नेसच्या, म्हणजे पडणाऱ्याला अडवणाऱ्या अंगावरच्या पट्ट्यांच्या, दोन हुकांपैकी एक कमरेशी मोकळा लोंबतो आहे. दुसरा कोठे अडकवला आहे ते छायाचित्रात आलेले नाही. तो अडकवलेला असणारच; एक सोडण्याआधी दुसरा लागलेला असावा म्हणून तर दोन हूक असतात. त्याविषयी मी काही विचारणार नाही. हे पत्र मुलांविषयी आहे.

मी शिल्प निदेशक म्हणून वायरमनच्या वर्गाला शिकवत होतो, तेव्हा आमच्याकडे कमरेचा पट्टाच असे. खांबाला रेलून दोन्ही हात मोकळे ठेवण्यासाठी तो चांगला, परंतु माणूस सुटून पडला तर सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो. तुमचे पूर्ण अंगाचे हार्नेस तोच झटका मांड्या, नितंब आणि छाती यांत वाटून देते. हे तूच मला दिवाळीत माझ्या अंगावर हार्नेस चढवून समजावलेस. आई हसत होती म्हणून मी तेव्हा काही बोललो नाही. पण ज्या कामात मी नोकरी काढली त्यात माझी मुलगी मला शिकवते आहे, याचा मला किती आनंद झाला हे आता लिहून कळवतो.

मुलांची उंचीची भीती दोन आठवड्यांत मोडते. थोड्या उंचीवरची बेफिकिरी मात्र लवकर जात नाही. पहिल्या स्लॅबवर हूक कशाला, असे ती म्हणतील. त्यांच्याकडून फळ्यावर हिशेब करून घे: हार्नेसपासून हुकापर्यंतचा दोर 2 मीटरचा, झटका शोषणारी पट्टी उसवत लांबली तर आणखी 1.75 मीटर, पाठीवरच्या कडीपासून तळपायापर्यंत सुमारे 1.5 मीटर आणि खाली 1 मीटर तरी मोकळी जागा. म्हणजे जेथे हूक लावला तेथून खाली सव्वासहा मीटर मोकळे हवेत. पहिल्या स्लॅबवर पायाशी हूक लावणारा मुलगा हार्नेस घालूनही जमिनीवर आपटेल. म्हणून हूक डोक्याच्या वर, दोर शक्य तेवढा आखूड आणि या सगळ्याच्या आधी कडेला कठडा व खाली जाळी. पाच मीटर खाली येण्यास जेमतेम एक सेकंद लागतो, हेही त्यांना सांग. तेवढ्यात कोणी काही पकडू शकत नाही.

तुझ्या तुकडीत गोविंदा पथकातली मुले आहेत, असे तू म्हणालीस. त्यांचे चढण्याचे कसब खरे आहे, ते कमी लेखू नकोस. मात्र थर कोसळला तर खाली खांदे असतात, झेलणारे हात असतात. स्लॅबच्या कडेखाली सळया असतात.

भाऊकाकांविषयी लिहायचे नाही, असे ठरवले होते. तरीही तुझ्या मुलांना गोदामाच्या छपरावर पाठवण्याआधी सिमेंटच्या पत्र्याविषयी स्वतंत्र तास घे. तो पत्रा वरून फरशीसारखा घट्ट दिसतो आणि खालच्या आधारांमधल्या मोकळ्या भागात पाय पडला की काही इशारा न देता फुटतो. त्यावर फळ्या टाकल्यावाचून कोणी पाऊल ठेवू नये. भाऊकाका छपरांच्या कामात मुरलेले होते, हाताखाली चार मुले होती, आणि फळी आणायला सांगितलेला मुलगा परत येईपर्यंत ते थांबले नाहीत. फळी घेऊन आलेल्या त्या मुलाचे तोंड मला अजून आठवते. पुढे भाऊकाका स्वतःच्या पायांवर उभे राहिले नाहीत, हे तू पाहिलेच आहेस; काकूंनी ते घर कसे चालवले, तेही.

मी पुन्हा वर्ग घेऊ लागलो, क्षमा कर. जिने हे सारे रोज शिकवायचे तिलाच मी शिकवतो आहे. तरीही एक राहिले. पडणारा मुलगा दोराने अडवला म्हणजे वाचलाच, असे त्यांनी समजू नये. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या मांड्यांवर पट्टे दाबतात, रक्त पायांत साठते आणि काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. त्याला कोण, कशाने आणि कोणत्या बाजूने उतरवणार, हे कोणी वर चढण्याआधी ठरलेले असावे. साइटवरचा मुकादम घाई करील. तेव्हा त्याला सांग की 1961 च्या कायद्याप्रमाणे ही मुले शिकाऊ उमेदवार आहेत, ती शिकण्यासाठी आली आहेत, आणि ‘मी चढत नाही’ असे म्हणणाऱ्या मुलाची हजेरी कापली जाणार नाही. तो घाबरणारा मुलगा, ज्याच्याविषयी तू फोनवर बोललीस, त्याला इतरांसमोर वर चढवू नकोस. तो खाली राहून दोर आणि कड्या तपासू दे. असे मूल तपासणी फार नीट करते.

विचारणार नाही म्हटले होते, तरी विचारतो. ताई, तो दुसरा हूक लावलेला होता ना? मुलांनी तोंडचे ऐकण्याआधी हात पाहिलेले असतात, हे मी वर्गात वर्षानुवर्षे पाहिले आहे. तू सराईत आहेस आणि मला भीती तुझ्या त्या सराईतपणाचीच वाटते, कारण नवखा मुलगा घाबरून तरी हूक लावतो. तू मुलांच्या जोड्या लावून एकमेकांचे पट्टे तपासायला लावतेस, ते योग्यच आहे. पण तुझे कोण तपासते? रोज सकाळी सर्वांदेखत एका मुलाला तुझे हार्नेस तपासायला सांग: मांडीचे पट्टे, पाठीची कडी, शिवण, दोन्ही हूक. तो ‘ठीक आहे’ म्हणेपर्यंत तू शिडीला हात लावू नकोस, आणि त्याने चूक दाखवली तर सर्वांसमोर उतरून ती दुरुस्त कर. यात तुझा मान कमी होत नाही.

सोमवारी कोणत्या मुलाला हे काम देणार आहेस, ते रविवारच्या फोनवर सांग. मी आईला विचारायला लावणार होतो. तिने साफ नकार दिला आणि तुमचे तुम्ही विचारा, म्हणाली.

तुझे
बाबा