अणुभट्टी बंद, पण इंधन तिथेच

अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने कायमच्या बंद झालेल्या अणुवीज केंद्रांसाठी आपत्कालीन नियोजनाचे नियम टप्प्याटप्प्याने शिथिल करण्याचा प्रस्ताव २०२२ मध्ये मांडला. भट्टी थंडावली की धोका बराच घटतो, हे मान्य. पण वापरलेले इंधन पाण्याच्या टाकीतच राहते. पाणी निघून गेले तर इंधन सळयांवरचे झिर्कोनियम या धातूचे आवरण तापून पेटू शकते. भट्टी कायमची बंद झाल्यावर, तिच्या प्रकारानुसार १० किंवा १६ महिन्यांनंतर असे तापायला किमान दहा तास लागतील, तेवढ्यात उपाय करता येतील, हा आयोगाचा हिशेब. त्यावर विसंबून सुमारे १६ किलोमीटर परिघातील खास तयारीची सक्ती उठवायची!

कागदावर दहा तास भरपूर वाटतात. पण भोंगे आणि सराव बंद झाल्यावर रात्री अडीच वाजता लोकांना उठवून हलवणार कोण? कॅलिफोर्नियातील सॅन ओनोफ्रे केंद्र कायमचे बंद करण्याचा निर्णय २०१३ चा. तिथले सगळे इंधन टाकीतून काढून साठवणुकीच्या कोरड्या पिंपांत जायला २०२० उजाडले. सवलत द्यायचीच, तर ती कॅलेंडर पाहून नव्हे, टाकीतले सगळे इंधन बाहेर काढल्यावर द्यावी. तोवर स्थानिक यंत्रणेचा खर्च केंद्राच्या मालकानेच उचलावा.

– एक वाचक